आजोबांची तलवार न्यू जर्सीला नेता येईल का?

नारायणपेठी:
नमस्कार मंडळी. आमचा नारायण पेठेतला वाडा पुनर्विकासाला गेला, म्हणून सगळं सामान आवरायला काढलंय. देवघराशेजारच्या फडताळात एक तलवार असते. दर खंडेनवमीला ती बाहेर निघते, तेलाचा हात फिरतो, हळदकुंकू, झेंडूचं फूल, की परत लाल फडक्यात. पणजोबा भोर संस्थानच्या चाकरीत होते, तेव्हापासून ती घरात आहे. आता बाबा नाहीत. धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. तलवार त्याच्याकडे असावी, त्याच्या मुलांनी तिची पूजा करावी, अशी त्याची मनापासून इच्छा आहे, आणि मलाही ते पटतं. मुलांना आजोबांचं एवढं तरी काही हाताळायला मिळावं.

दिवाळीनंतर मी तिकडे जाणार आहे. तलवार मुठीसकट तीन फुटांहून थोडी लांब आहे. चेक-इनमध्ये जाईल का? अमेरिकेच्या कस्टम्सला काय सांगायचं? कुणी असं काही नेलं असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

परदेशी_पाहुणा:
केबिनमध्ये अजिबात नाही, चेक-इनमध्ये जाते. मी लग्नातली कट्यार नेली होती, अगदी नवी. टोकाला बुचाचा तुकडा, धारेवर जाड पुठ्ठा, वरून बबल रॅप आणि चिकटपट्टी. बॅग उघडणाऱ्याचा हात कापता कामा नये, एवढं पाहायचं. चेक-इन काउंटरवर आपणहून सांगितलं. त्यांनी एक फॉर्म भरून घेतला, संपलं. तलवार सुटकेसमध्ये बसणार नाही, लांब कडक खोकं घ्या. आकाराची मर्यादा विमान कंपनीला आधी विचारा.

पर्वतीपायथा:
थांबा, ताई. पॅकिंगचा विचार सगळ्यात शेवटी. पहिला प्रश्न तलवारीच्या वयाचा.

मी वकिली करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू आणि बहुमोल कलाकृती कायदा आहे, १९७६ पासून लागू. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी, कलाकुसरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू म्हणजे पुरावस्तू. हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं पुरतात. अशी वस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला आणि त्यांनी नेमलेल्या संस्थेला आहे. तुम्हाला, मला, कुणालाच परवाना मिळत नाही. फी भरून सुटेल अशी ही गोष्ट नाही, सरळ बंदी आहे. नेताना सापडलं तर वस्तू जप्त होते, आणि शिक्षा किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं तुरुंगवास, शिवाय दंड.

पणजोबांच्या काळापासून घरात आहे म्हणता. म्हणजे हिशोब तुम्हीच करा.

नारायणपेठी:
बाप रे. अमेरिकेतच काय ती अडचण येईल असं धरून चालले होते. पण वय सिद्ध कोण करणार? तिच्यावर साल नाही, घरात कागद नाही. पणजोबांनी म्हातारपणी घेतली असेल तर?

पर्वतीपायथा:
वस्तू पुरावस्तू आहे की नाही हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ठरवतं. वाद झाला तर महासंचालकांचा निर्णय अंतिम. शंभर वर्षांच्या आतली निघाली तर 'पुरावस्तू नाही' असं प्रमाणपत्र देतात. ते पासपोर्टबरोबर हातात ठेवायचं, मग कस्टम्सला अडवायला कारण उरत नाही. आपल्या भागाचं मंडळ कार्यालय मुंबईत, सायनच्या किल्ल्यात आहे. आधी त्यांच्याकडून आताची पद्धत विचारून घ्या. सगळ्या बाजूंचे फोटो, मापं, धातू, मालकाचं ओळखपत्र एवढं तयार ठेवा. वस्तू प्रत्यक्ष दाखवायची तयारीही ठेवा.

घाटमाथा:
ताई, तलवारीचं वर्णन द्याल का? पातं सरळ की वाकडं? पात्यावर नळ, म्हणजे लांब खाचा, किती? मुठीला परज आहे का? मुठीच्या वर लांब दांडा येतो का? पात्यावर काही खूण?

कट्टा_कोथरूड:
वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडेही एक बिचवा आहे.

रोखठोक:
मला हे अजिबात पटत नाही. माझ्या पणजोबांची तलवार माझ्या भावाच्या घरी जाते, यात सरकारचा काय संबंध? ही काही देवळातून चोरलेली मूर्ती नाही. शस्त्र कायदा १९५९ चं कलम १० वाचा. ज्याला शस्त्र बाळगायला मनाई नाही, तो स्वतःच्या खाजगी वापरासाठी वाजवी प्रमाणात शस्त्र विनापरवाना देशाबाहेर नेऊ शकतो, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. वकीलसाहेबांनी ते सांगितलंच नाही.

पर्वतीपायथा:
रोखठोक, कलम तुम्ही बरोबर वाचलंय. ती सवलत खरी आहे आणि नव्या तलवारीला तिचा उपयोगही होतो. पण ती शस्त्र कायद्यातल्या परवान्यापुरती आहे. पुरावस्तू कायदा स्वतंत्र आहे. एका कायद्याने दार उघडलं म्हणून दुसऱ्याचं कुलूप निघत नाही. कस्टम्स अधिकारी दोन्ही बघतो.

आणि भावनेचं म्हणाल, तर ती मला कळते. आमच्याही घरात असाच प्रश्न आला होता. पण 'घरचीच आहे' हेच वाक्य प्रत्येक तस्करही म्हणतो. विमानतळावर उभा असलेला माणूस खरा वारस आणि दलाल यांत फरक कशावरून करणार?

नारायणपेठी:
घाटमाथा, पाहून लिहिते. पातं जवळजवळ सरळ, टोकाकडे किंचित कललेलं. एका बाजूनेच धार. तीन नळ पाठीच्या बाजूने लांबवर गेलेत. मूठ लोखंडी, हात झाकणारी रुंद परज आहे, आत कापडाच्या गादीचे अवशेष. मुठीच्या वर वीतभर वाकडा दांडा. परजेच्या कडेला सोन्याच्या वेलबुट्टीचा अगदी थोडा भाग शिल्लक आहे. पात्यावर मुठीजवळ दोन अर्धचंद्र समोरासमोर, त्यांच्या कडांना दाते.

घाटमाथा:
ताई, वाचून अंगावर काटा आला. तुमच्याकडे बहुतेक फिरंग आहे.

फिरंग म्हणजे परदेशी पातं आणि आपली मूठ. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातली पाती पश्चिम किनाऱ्यावर जहाजांनी येत, आणि दख्खनमध्ये त्यांना मुठी चढत. आपल्या लोकांना ती पाती आवडत, कारण ती लांब, हलकी आणि लवचीक असत. त्यांना पाठबळ म्हणून मुठीखालून पात्यावर दोन्हीकडून पट्ट्या उतरवून रिव्हेट मारत. तुमच्या तलवारीला तशा पट्ट्या आहेत का बघा. मुठीच्या वरचा वाकडा दांडा दुसरा हात लावून वार करायला, शिवाय म्यानात असताना हात टेकवायला. गादी मुठीच्या आतला धक्का सोसते.

आता त्या दोन अर्धचंद्रांबद्दल. जेनोवाच्या पात्यांशी ही खूण जोडली जाते, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नका. खूण इतकी नावाजलेली होती की युरोपात इतर ठिकाणी आणि आपल्याकडेही लोहारांनी तिची भरपूर नक्कल केली. पातं कुठलं हे खूण एकटी सांगत नाही. पोलाद, नळांचं काम, वजन, तोल, सगळं मिळून सांगतं. पण पणजोबांनी म्हातारपणी घेतली असं धरलं तरी त्यांनी जुनीच घेतली असणार. अशा मुठी विसाव्या शतकात सर्रास घडत नव्हत्या. शंभर वर्षांची अट ही तलवार सहज ओलांडेल, असं मला वाटतं.

एक विनंती. तिला घासू नका. चकचकीत करण्याच्या नादात सोन्याचं काम गेलं की ते परत येत नाही. पितांबरी नको, चिंच नको, सँडपेपर तर नकोच. मऊ कापडाने धूळ पुसायची, पात्यावर खनिज तेलाचा पातळ हात द्यायचा, बस. हळदकुंकू फुलावर वाहा, पात्यावर नको. ओल धरून राहतं आणि तिथेच गंज बसतो.

नारायणपेठी:
पट्ट्या आहेत! दोन्ही बाजूंनी, कमळाच्या पाकळीसारखं टोक. आणि चिंचेचं वाचून आईने डोक्याला हात लावलाय.

सीताबर्डी:
फिरंगेचा विषय निघालाच आहे म्हणून. नागपूरकर रघूजीराजे भोसले यांची तलवार राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून ४७.१५ लाख रुपयांना घेतली. तीही युरोपीय पात्याची, आपल्या मुठीची, आणि पात्यावर देवनागरीत नाव कोरलेलं. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ती कंपनीच्या हाती लागली असावी, असं मानतात. ऑगस्टमध्ये मुंबईत आली तेव्हा मी टीव्हीसमोर उभा होतो, बसवलं नाही.

रोखठोक, तुमचा राग समजतो, पण हे पण बघा. जी वस्तू एकदा बाहेर गेली ती परत आणायला सरकारला लिलावात बोली लावावी लागते. वाघनखांचं तर त्याहून अवघड. ग्रँट डफच्या घराण्याकडून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेलेली वाघनखं २०२४ च्या जुलैत साताऱ्याला आली ती तीन वर्षांच्या उसनवारीवर. ती महाराजांचीच का, याची खात्री खुद्द ते संग्रहालय देत नाही. तरी आपण रांगा लावल्या. जे अजून घरात आहे ते राहू द्या.

रोखठोक:
राजांची तलवार आणि एका कारकुनाच्या घरातली तलवार यांत फरक आहे की नाही? माझा मुद्दा तोच आहे. सगळ्यांना एकच नियम का? नोंद ठेवा, फोटो ठेवा, हमी घ्या, पण वारसाला नेऊ द्या. उद्या पुण्यात कुणी उरलंच नाही तर ती तलवार भंगारात जाईल. जुन्या बाजारात किलोवर विकल्या गेलेल्या मुठी मी डोळ्यांनी पाहिल्यात.

घाटमाथा:
शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. भंगारात जाणं हे परदेशी जाण्यापेक्षा वाईट आहे. पण कारकुनाची तलवार म्हणून कमी लेखू नका. राजांच्या तलवारी संग्रहालयात आहेत. साध्या शिलेदाराच्या हातात काय होतं हे मात्र अशा घरांतूनच कळतं. १८५७ नंतर आणि १८७८ च्या हत्यार कायद्यानंतर लोकांनी शस्त्रं जमा केली, विहिरीत टाकली, भिंतीत लपवली. त्यातून ही राहिलीय.

विळीवाली_आत्या:
मी तलवारीवाली नाही, पण विळी नेलीय! सुनेला खोबरं खोवायला नारळाच्या खवणीची विळीच हवी होती. खवणीला मोजा चढवला, पात्याला लाकडी फळी बांधली. कस्टम्सवाल्याने विचारलं हे काय, मी खाली बसून दाखवलं. तो इतका खूश झाला की त्याने सहकाऱ्याला बोलावलं.

आता मला सांगा, सासूबाईंचा पितळी अडकित्ता न्यायचाय. त्यालाही हे लागू का?

पर्वतीपायथा:
आत्या, विळी शस्त्र कायद्यात बसत नाही. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं त्यात येतात, पण घरकाम, शेती, कारखाना यांसाठीची अवजारं वगळलेली आहेत. अडकित्त्याचं मात्र वेगळं. पुरावस्तू कायदा शस्त्र आहे का हे बघत नाही, वय आणि कारागिरी बघतो. सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंकडून आलेला, मोर किंवा घोड्याच्या आकाराचा असेल तर तोही शंभरी गाठू शकतो. केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा अख्खा संग्रह आहे तो उगाच नाही.

विळीवाली_आत्या:
मोराचाच आहे. राहू दे इथेच. सुपारी कापून पाठवते.

टेम्सकाठी:
ब्रिटनमधलं लिहितो, कारण इथे गंमतीशीर उलटं आहे. ५० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब वाकड्या पात्याच्या तलवारींवर २००८ पासून बंदी आहे. पण शंभर वर्षांहून जुनी असेल तर सूट. १९५४ च्या आधीची किंवा पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेली असेल तरी सूट. म्हणजे भारतातून निघताना जुनी अडते आणि नवी सुटते, इथे शिरताना जुनी सुटते आणि कारखान्यातली नवी अडते! कट्यारीचं तर फारच जपून. मुठीत धरून बोटांमधून पातं पुढे येणारी खंजिरं इथे बंदीच्या यादीत आहेत, आणि आपली कट्यार आडव्या मुठीची. अधिकारी तिला त्यातच धरू शकतो. गुप्तीही बंद. गणपतीच्या मिरवणुकीसाठी आमच्या मंडळातल्या एकाने कट्यार मागवली होती, ती पार्सलमध्येच अडकली. आता आम्ही लाकडी पट्टे वापरतो.

मेलबर्नची_मंजू:
आमच्या व्हिक्टोरिया राज्यात तर तलवार हेच प्रतिबंधित हत्यार आहे, संग्राहकांना अटींवर सूट. शिवाय लाकडी म्यान, चामडं जैवसुरक्षेला जाहीर करावं लागतं. लाकडाला भोकं दिसली की प्रक्रिया तरी करतात, नाहीतर नष्ट करतात.

परदेशी_पाहुणा:
मंजूताईंनी चांगला मुद्दा काढला. मधल्या मुक्कामाचाही विचार करा. मी कट्यार नेली तेव्हा पुढचं विमान चुकलं आणि सामान मधल्याच देशात हाती आलं. तिथल्या पोलिसांपुढे दोन तास बसलो. त्यांच्या देशाचा कायदा वेगळा, माझी कागदं वेगळ्या देशासाठी. काही देशांत तलवारीला पोलीस परवाना लागतो. शक्यतो थेट विमान.

आणि अमेरिकेत पहिल्या विमानतळावर सगळं सामान स्वतः उचलून कस्टम्समधून न्यावं लागतं, पुढचं विमान असलं तरी. तिथे न विचारताच जाहीर करा.

डेक्कन_दुपार:
मुठीला हस्तिदंत असेल तर? आमच्या जंबियाला पांढरी मूठ आहे.

पर्वतीपायथा:
मग वयाच्याही आधी वन्यजीव कायदा. हस्तिदंत बाहेर नेता येत नाही, शंभर वर्षांच्या आतलं असलं तरी. सांबरशिंगाचंही तेच. आधी ते हाडाचं आहे की दंताचं हे जाणकाराला दाखवा. दंताचंच निघालं तर देशातल्या देशात बाळगायलाही कागद लागतो, त्यासाठी वनखात्याला विचारा.

मर्दानी_मावळा:
नारायणपेठीताई, मी मर्दानी खेळ शिकवतो. माझा सल्ला: मूळ तलवार इथे ठेवा आणि भावासाठी हुबेहूब नवी घडवून घ्या. पातळ पत्र्याची मिरवणुकीतली नको, चांगल्या पोलादाची, ठोकून काढलेली. मूळचा तोल, लांबी, परजेची वळणं मोजून द्या. लोहाराला मूळ तलवार हाताळू द्या, फोटोवरून वजन कळत नाही. बिलावर कारागिराचं नाव, तारीख आणि 'नवी प्रतिकृती' एवढं लिहून घ्या, कस्टम्सला तोच कागद दाखवायचा. बिलावर कुणाला शंका येऊ नये म्हणून 'पुरावस्तू नाही' हे प्रमाणपत्रही काढून ठेवा. हुबेहूब असेल तर शंका येणारच.

माझे विद्यार्थी बाहेरच्या मराठी मंडळांत दांडपट्टा दाखवायला जातात, ते असंच नेतात.

रोखठोक:
प्रतिकृतीची पूजा? पणजोबांचा हात लागलेल्या लोखंडाची सर तिला कशी येणार?

मर्दानी_मावळा:
दादा, आमच्या आखाड्यात दसऱ्याला आम्ही कालच घडवलेल्या पट्ट्याचीही पूजा करतो. हात लागायला सुरुवात कुठून तरी व्हावीच लागते. मुलं ती वापरतील, पुसतील, तेल लावतील.

कट्टा_कोथरूड:
हे आवडलं. पण रोखठोकांचा मुद्दाही शिरोधार्य आहे. मूळ तलवार इथे कोण सांभाळणार, हे ठरलं पाहिजे.

नारायणपेठी:
सगळ्यांचे मनापासून आभार. भावाशी काल फोनवर बोलले. आधी गप्प झाला, मग म्हणाला, कायद्यात बसत नसेल तर नको. मूळ तलवार माझ्याकडेच राहील. सायनला फोटो पाठवून मत विचारणार आहे. जुनी निघाली, आणि घाटमाथांना ती तशीच वाटतेय, तर विषय संपला. मग भाऊ नवरात्रात मुलांना घेऊन येणार, पूजा इथेच. प्रतिकृतीचं काम मावळादादांनी सुचवल्याप्रमाणे सुरू करते.

दोन शंका. सायनला प्रत्यक्ष न्यायची वेळ आली तर पुण्याहून तलवार घेऊन प्रवास कसा करायचा? आणि म्यान तरी भावाला देता येईल का? म्यानाचं मखमल बाबांनी बदललेलं आहे.

पर्वतीपायथा:
प्रवासाचं आधी. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शहरात वेळोवेळी मनाई आदेश निघतात, त्यात तलवारी, भाले जवळ बाळगायला बंदी असते. त्यामुळे निघण्याआधी आदेश आहे का ते पाहा, स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या, आणि कार्यालयाने बोलावल्याचं पत्र जवळ ठेवा. तलवार कुलूप लावलेल्या खोक्यात, गाडीच्या डिकीत. एसटीने किंवा लोकलने नको.

घाटमाथा:
म्यानाचं मी सांगतो. मखमल बदललेलं असलं तरी आतल्या लाकडी फळ्या, तोंडाची मुहनाळ आणि टोकाची तहनाळ जुन्या असू शकतात. त्या शंभर वर्षांच्या निघाल्या तर म्यानही पुरावस्तूच. त्यामुळे सायनला अर्ज करताना म्यानाचे फोटो वेगळे जोडा, तोंडाचे आणि टोकाचे जवळून, मखमल जिथे उसवलं असेल तिथून दिसणाऱ्या लाकडाचेही. आणि उसवलेलं नसेल तर मुद्दाम उसवू नका.